मुलासाठी आयरिश नाव: आधी कान, मग स्पेलिंग, अर्थ सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील दोघेही मराठी, नोकरीनिमित्त डब्लिनमध्ये स्थिरावलेले, आणि घरात मुलगा येणार आहे. तो आयर्लंडमध्येच वाढणार, म्हणून नाव तिथले हवे. पण ते आजी-आजोबांच्या तोंडी बसायला हवे, आणि स्पेलिंग सांगताना दरवेळी घाम फुटू नये. 'अर्थासह शंभर आयरिश नावे' अशा याद्या वाचून गोंधळ वाढलाच आहे. सुरुवात कुठून करायची?

त्या याद्या बाजूला ठेवण्यापासून. मराठीत आपण नावाचा अर्थ आधी पाहतो, कारण आपली बरीचशी नावे संस्कृत शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ ऐकणाऱ्यालाही कळतो. आयरिश नावांचे तसे नाही. त्यातली पुष्कळशी हजार-दीड हजार वर्षे वापरात घासून गुळगुळीत झाली आहेत. कॉनर हे नाव जुन्या 'कॉन्होवर'वरून आले आणि त्यात शिकारी कुत्र्यांची आवड असा काहीसा अर्थ आहे, हे ठाऊक नसलेले कॉनर आयर्लंडभर सुखाने नांदत आहेत. शिवाय याद्यांमधले अर्थ बऱ्याचदा चिकटवलेले असतात. ब्रायन म्हणजे नेमके काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; 'उंच, थोर' हा अंदाज आहे, पण यादीत तो ठामपणे छापलेला दिसतो. लियमपुढे 'दृढनिश्चयी योद्धा' असते. प्रत्यक्षात लियम हे 'उलियम' या नावाचे शेपूट, आणि उलियम म्हणजे नॉर्मन लोकांबरोबर बाराव्या शतकात आलेल्या विल्यमचे आयरिश रूप. त्यातले 'इच्छा' आणि 'शिरस्त्राण' हे मूळ शब्द जर्मन कुळातले आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा: नाव कानाला कसे लागते, ते कसे लिहिले जाते, कागदपत्रांत ते टिकते का, आणि एवढे जमल्यावर अर्थ.

आता स्पेलिंगची भीती. आयरिश स्पेलिंग इंग्रजीच्या नियमांनी वाचायला गेले की वेड लागते. आयरिशच्या नियमांनी वाचले तर ते इंग्रजीपेक्षा शिस्तीचे आहे. पारंपरिक आयरिश वर्णमालेत १८च अक्षरे. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाहीत. त्यामुळे 'क'साठी नेहमी सी, आणि सी कधीही 'स' होत नाही. सी-आय-ए-एन हे कीअन, सी-आय-एल-एल-आय-ए-एन हे किलिअन. 'व' हवा असेल तर बी किंवा एमच्या पुढे एच येतो: केविनचे मूळ रूप सी-ए-ओ-आय-एम-एच-आय-एन आहे, आणि त्यातला एम-एच म्हणजे 'व'. टी-एच म्हणजे नुसता 'ह', म्हणून सी-ए-टी-एच-ए-एल हे कॅथल नसून कहल. नावाच्या मध्ये किंवा शेवटी आलेले डी-एच आणि जी-एच बहुधा विरून जातात आणि शेजारचा स्वर लांबवतात किंवा बदलतात: ओ-डी-एच-आर-ए-एन म्हणजे ओरॉन, ई-ओ-जी-एच-ए-एन म्हणजे ओवन. एफ-एच तर पूर्ण मूक.

यातला एक भाग देवनागरीवाल्यांना उलट सोपा जातो. आयरिशमध्ये प्रत्येक व्यंजनाची दोन रूपे असतात, एक रुंद आणि एक बारीक. शेजारी ए-ओ-यू असेल तर रुंद, ई-आय असेल तर बारीक. इंग्रजी माणसाला हा फरक पकडता येत नाही, पण आपल्याकडे 'स' आणि 'श' वेगळे आहेतच. ऑस्करमधला एस रुंद, म्हणून 'स'. शॉन, शेमस, उशीन यांतला एस ई-आयला लागून आलेला, म्हणून 'श'. टी आणि डीचे तर आणखी गमतीचे. रुंद टी-डी दातांना जीभ लावून उच्चारतात, म्हणजे थेट आपले 'त' आणि 'द'. इंग्रजी शब्द लिहिताना आपण सवयीने 'ट-ड' लिहितो. आयरिश नावात ती सवय सोडावी लागते. बारीक डी मात्र उत्तरेकडे 'ज'कडे झुकतो, त्यामुळे डिअरमिड हे नाव डोनेगॉलमध्ये जिअर्मिडसारखे ऐकू येईल.

टी-ए-डी-एच-जी हे नाव जवळून पाहा, कारण सगळे नियम त्यात एकत्र आले आहेत आणि परदेशी माणूस हमखास त्याच नावावर अडखळतो. पहिला टी रुंद, म्हणजे 'त'. ए-डी-एच मिळून 'आइ'. शेवटी 'ग'. झाले ताइग. एकच अवयव, म्हणजे एका दमात उच्चारायचा तुकडा, टायगर शब्दातला शेवटचा र काढावा तसा. अर्थ कवी. आयर्लंडमध्ये लहान मुलांत हे नाव सध्या चांगलेच चालते आणि तिथे कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. पण हाच मुलगा पुढे अमेरिकेत किंवा पुण्यात शाळेत गेला तर पहिल्या दिवशी हजेरी घेताना 'ताध्ग', 'टॅडग' असे काहीही ऐकू येईल. हे नाव वाईट आहे असे नाही. ते आयर्लंडबाहेर प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते, एवढे धरून चालायचे.

नावांच्या दोन-दोन, तीन-तीन रूपांमागे इतिहास आहे. इंग्रजी राजवटीत कारकून आणि पाद्री आयरिश नावे इंग्रजीत लिहीत आणि जवळपास वाटेल ते नाव चिकटवीत. ताइगचा टिमथी झाला, डिअरमिडचा जेरेमाया, कॉन्होवरचा कॉर्नेलियस, ओवनचा यूजीन. यांत भाषांतर कसले, आद्याक्षराचे किंवा आवाजाचे थोडेफार साम्य पुरे होई. १८९३ मध्ये कॉनरा ना गेल्गे ही भाषाचळवळ सुरू झाल्यावर मूळ रूपे पुन्हा वापरात येऊ लागली. म्हणून आज एकाच नावाची मूळ आणि इंग्रजी वळणाची अशी दोन्ही रूपे शेजारी नांदतात: कीअरॉन आणि कीरन, रुअरी आणि रोरी, एडॉन आणि एडन, नीअल आणि नील. शॉन आणि ओइन ही तर दोन्ही 'जॉन'ची रूपे आहेत. ओइन लॅटिनमधून आधी आले, शॉन नॉर्मन फ्रेंचमधून नंतर. ओइन (ई-ओ-आय-एन) आणि ओवन (ई-ओ-जी-एच-ए-एन) यांचा उच्चार रोजच्या बोलण्यात जवळपास एकच होतो, पण कुळ वेगळे. या दोन्हींपैकी कोणते ठेवायचे हे आधीच ठरवा, नाहीतर आयुष्यभर लोक दुसऱ्याच स्पेलिंगने लिहीत राहतील.

माझे मत विचाराल तर मूळ रूप आणि इंग्रजी रूप यांपैकी एक निवडा, मधले काही शोधू नका. सीच्या जागी के, दोनच्या जागी तीन स्वर, शेवटी उगाच वाय, असले स्पेलिंग करून उच्चार सोपा होतो ही समजूत चुकीची आहे. आयर्लंडमध्ये ते परके दिसते आणि बाहेरही लोक ते तीन तऱ्हांनी वाचतात. कीअन आयरिश स्पेलिंगने लिहिले की डब्लिनमध्ये कोणी चुकत नाही. तेच चार वेगळी अक्षरे घालून लिहिले की दर फोनवर स्पेलिंग सांगणे आले.

आडनावांची नावे करण्याची एक रीत अमेरिकेत आहे: रायन, केली, रायली, केसी, ब्रेडी, सलिव्हन, क्विन, नोलन. ही सगळी खरीखुरी आयरिश आडनावे आहेत, पण त्यांतली बरीचशी मुलाचे पाळण्यातले नाव म्हणून आयर्लंडमध्ये फारशी ठेवत नाहीत. त्यांतले रायन तेवढे जगभर नाव म्हणून रुळले. त्याचा चुलतभाऊ शोभावा असे रीअन (आर-आय-ए-एन, आय या अक्षरावर फादा, म्हणजे दीर्घ स्वराची तिरकी रेघ) हे नाव मात्र नाव म्हणूनच आहे: री म्हणजे राजा, रीअन म्हणजे छोटा राजा. गेल्या काही वर्षांत आयर्लंडच्या यादीत ते झपाट्याने वर आले आहे.

यादी म्हणजे आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाची. दरवर्षी ते कार्यालय जन्मनोंदणीतून नावांची मोजणी जाहीर करते, आणि त्या वर्षी किमान ३ बाळांना दिलेली सगळी नावे त्यात असतात. संकेतस्थळावर नाव टाकून १९६४ पासूनचा चढ-उतार पाहता येतो. उत्तर आयर्लंडची यादी वेगळी निघते, कारण तो भाग ब्रिटनच्या नोंदणीत येतो. ही मोजणी अर्थांच्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण तिच्यातून नावाचे वय कळते. आपल्याकडे दत्तात्रय म्हटले की एक पिढी डोळ्यासमोर येते आणि आरव म्हटले की दुसरी, तिथेही तसेच. ब्रेंडन, डेक्लन, डर्मट, फर्गल, केविन ही नावे ऐकली की आयरिश माणसाला बाळ दिसत नाही, कोणाचे तरी वडील किंवा काका दिसतात. किलिअन, उशीन, फिन, ताइग, रीअन, दारा ही बालवाडीतली नावे. जुने नाव ठेवायला हरकत नाही, अशी नावे फिरून येतातही, पण ठेवताना ते जुने आहे हे माहीत असावे. आणि अगदीच एकसारखे होऊ नये असे वाटत असेल तर पहिल्या दहातले नाव टाळा. वर्गात दोन किलिअन असले की एकाचे नाव आडनावाच्या आद्याक्षरासह कायमचे चिकटते. पहिल्या दहात सगळी आयरिशच असतात असेही नाही बरे का. २००७ पासून बहुतेक वर्षे मुलांत पहिला क्रमांक जॅकचा होता.

आता फादा. स्वरावरची ती तिरकी रेघ, डावीकडून उजवीकडे वर चढणारी. ती सजावट नाही, दीर्घ स्वराची खूण आहे, आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखी, आणि तिने शब्द बदलतो. शॉनमधल्या एवर फादा नसेल तर आयरिशमध्ये तो 'शॅन' होतो, म्हणजे म्हातारा. रीअनवरचा फादा गेला की उरतो 'रिअन', म्हणजे माग किंवा खूण. इंग्रजीत लिहिताना लोक फादा गाळतात आणि तरी उच्चार बरोबर करतात, हे खरे. पण नोंदणीत तो घालायचा की नाही हे तुम्हीच पहिल्या दिवशी ठरवायचे आहे.

फाद्यात नेहमी होणाऱ्या चुका मोजक्या आहेत. रेघ उलटी काढणे ही पहिली. खाली उतरणारी रेघ स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये असते, आयरिशमध्ये नाही. स्वराच्या डोक्यावर न देता पुढे अपोस्ट्रॉफी देणे ही दुसरी. त्याने संगणकात नाव दोन तुकड्यांत मोडते. तिसरी, अर्ज मोठ्या अक्षरांत भरताना फादा गाळणे. इंग्रजी सवयीने मोठ्या अक्षरावर खूण देत नाहीत, आयरिशमध्ये देतात. चौथी सगळ्यांत वाईट: चुकीच्या स्वरावर देणे. उशीनमध्ये तो दुसऱ्या आयवर, एडॉनमध्ये दुसऱ्या एवर, पॉद्रिगमध्ये (पॅट्रिकचे आयरिश रूप) पहिल्या एवर. नाव ठरले की एका कागदावर हाताने फाद्यासह लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्ज त्याच्याशी ताडून पाहा. टाइप करताना फोनवर स्वर दाबून धरला की पर्याय येतात. आयरिश किंवा ब्रिटिश कळफलकावर उजवीकडची ऑल्ट-जीआर कळ आणि स्वर एकत्र दाबायचे.

प्रदेशानुसार उच्चार बदलतात आणि त्यात चूक-बरोबर नसते. दक्षिणेत मन्स्टर, पश्चिमेत कॉनॉक्ट, उत्तरेत अल्स्टर अशा तीन बोली. दक्षिणेत जोर नावाच्या दीर्घ शेवटावर जातो: उशीन म्हणताना 'शीन' ठसठशीत. उत्तरेत जोर पहिल्या अवयवावर आणि शेवट आखूड. पॉद्रिगला कॉनॉक्टमध्ये पॉरिक म्हणतात, आणि तिथे कोणी पॉद्रिग म्हटले तरी चालते. केविनचे मूळ रूप कुठे कीवीन, कुठे क्वीवीन. तुम्ही ज्या गावात राहता तिथल्या दोन-तीन माणसांकडून नाव म्हणवून घ्या आणि तोच उच्चार धरा. कॉर्कमध्ये वाढणाऱ्या मुलाचे नाव डोनेगॉलच्या चित्रफितीवरून शिकण्यात काही हशील नाही.

आणखी एक गोष्ट याद्यांमध्ये कधीच नसते. आयरिश बोलताना हाक मारली की नावाचे तोंडच बदलते. मराठीत राम हाक मारताना 'रामा' होतो, गोविंद 'गोविंदा' होतो. आयरिशमध्ये बदल शेवटीही होतो आणि सुरुवातीलाही. आधी 'अ' लागतो, पहिले व्यंजन मऊ होते. शेमस हाक मारताना 'अ हेमिश' होतो. स्कॉटलंडमधले हेमिश हे नाव अशाच हाकेतून वेगळे झाले. ताइगला 'अ हाइग', मीहॉलला 'अ व्हीहील'. मुलगा गेलस्कूलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळेत जाणार असेल तर त्याला रोज हे ऐकायला मिळेल. स्वराने सुरू होणाऱ्या नावांना आणि एल-एन-आरने सुरू होणाऱ्यांना हा बदल जवळजवळ जाणवत नाही, म्हणून ज्यांना नाव सगळीकडे एकसारखे ऐकू यावे असे वाटते त्यांना रीअन, रोनॉन, नीअल, लियम, लॉर्कन, उशीन सोयीची.

मराठी कानाची परीक्षा घ्यायलाच हवी, आणि ती हसतखेळत घ्या, कारण सुट्टीत गावी गेल्यावर चुलत-मावस भावंडे ती घेणारच आहेत. शेन हे शॉनचेच उत्तरेकडच्या उच्चारावरून आलेले रूप, पण मराठी घरात ते ठेवू नये. कारण सांगायला नको. कॉल्म म्हणजे कबुतर, सहाव्या शतकातल्या थोर संत कॉलम किलेचे नाव. आयरिश जीभ एल-एमच्या मध्ये एक हलका स्वर घुसवते (आपण फिल्मचा फिलिम करतो, अगदी तसेच आयर्लंडमध्येही करतात), त्यामुळे नाव 'कोलम' ऐकू येते, आणि विदर्भातल्या आजीला तांदूळ आठवतो. ओवन म्हटले की स्वयंपाकघरातले यंत्र. दाइही हे चपळाई सांगणारे सुंदर नाव, पण उत्तरेकडच्या उच्चारात ते 'दाही'च्या इतके जवळ जाते की दह्याची वाटी पुढे येणार हे नक्की. मॉनस चांगले चालते, आजी 'मानस' म्हणतील आणि दोघांचेही समाधान होईल. किलिअनमधला 'किल' इंग्रजी ऐकणाऱ्या भारतीय कानाला खुपतो. २०२४ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या किलिअन मर्फी या अभिनेत्यामुळे आता तो थोडा ओळखीचा झाला आहे. मूळ किलिअन सातव्या शतकातला संत, जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गला धर्मप्रचार करायला गेला आणि तिथेच मारला गेला.

स्वरान्त नावांकडे वेगळे पाहा. एना, नीशे, फीअक्रा, दारा ही आयरिशमध्ये मुलांची नावे आहेत (दारा मुलींचेही असते). मराठीत आकारान्त-एकारान्त नाव ऐकले की मुलगी वाटते, आणि एना किंवा नीशे म्हटल्यावर 'मुलगी का?' हे विचारले जाणारच. दारा मात्र सुटतो, कारण दारा सिंग. त्याचा संबंध ओक वृक्षाशी आहे आणि उच्चार दंत्य 'द'चा, म्हणजे आपण जसा म्हणतो अगदी तसाच. उशीन भारतात 'ओशीन' म्हणून मुलीचे नाव समजले जाण्याची शक्यता आहे. कथा मात्र त्याच्या मागे चांगली आहे: फिन मॅकूल या वीराचा मुलगा, आई सैव्ह जादूने हरिणी झालेली, म्हणून उशीन म्हणजे हरिणाचे पिल्लू. त्याचा मुलगा ऑस्कर. तो ऑस्करही अस्सल आयरिश कथेतला.

कीअरॉन आणि आपला किरण यांचा आवाज जवळचा, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. अर्थ उलट टोकाचा आहे: किअर म्हणजे काळा, कीअरॉन म्हणजे छोटा सावळा. क्लॉनमॅकनॉइजचा मठ स्थापणाऱ्या संताचे हे नाव, त्यात काही कमीपणा नाही. फक्त आजोबांना 'किरणच की तो' म्हणून सांगितले असेल तर पुढे कोणीतरी अर्थ शोधणार आहे, तेव्हा आधीच सांगून टाका.

राशीचे अक्षर पाळायचे असेल तर ते आवाजाने धरा, इंग्रजी आद्याक्षराने नाही. कीअन, किलिअन, कॉर्मक 'क'ची. ते सीने लिहिले म्हणून 'स' किंवा 'च' होत नाहीत. ए-ओने लिहिलेला एडॉन 'ए'चा. ई-ओने लिहिलेला ओइन 'ओ'चा. एसने लिहिलेला शेमस 'श'चा.

वरच्या प्रश्नातल्या जोडप्यासाठी छोटी यादी करायची झाली तर मी चार नावे ठेवीन. कीअन: चार अक्षरे, फादा नाही, अर्थ प्राचीन किंवा दीर्घकाळ टिकणारे, आणि भारतात कियान हे नाव आधीच रुळलेले. रीअन: फादा सांभाळायची तयारी असेल तर. रोनॉन: छोटा सील मासा असा अर्थ सांगतात (सील मासा नसतो हे खरे, पण मराठीत तसेच म्हणतात), उच्चार कुठेही बिघडत नाही, फादा गळला तरी नाव ओळखू येते. आणि नीअल: आयर्लंडमध्ये लोक त्याला बहुधा नायल म्हणतील, पण इंग्रजी रूप नील घेतले की दोन्हीकडचे एकच नाव हातात येते. नील हे नाव आपण कुठून तरी ओढून आयरिश केलेले नाही, ते नीअलचेच नेहमीचे इंग्रजी रूप आहे. तोटा एवढाच की डब्लिनमध्ये ते थोडे मागच्या पिढीचे वाटेल. ताइग मला आवडते, पण आयर्लंड सोडण्याचा विचार मनात असलेल्या कुटुंबाला मी ते सुचवणार नाही. पॉद्रिगही नाही: ब्रिटनमध्ये त्याचे पॅडी होते, आणि तो शब्द तिथे आयरिश माणसाला हिणवायला फार वर्षे वापरला गेला आहे.

दोन-तीन नावे उरली की आडनावासह मोठ्याने म्हणून पाहा. मराठी आडनावे बहुधा लांब आणि ईकारान्त-एकारान्त. त्यापुढे दोन अवयवांचे नाव छान बसते: कीअन कुलकर्णी, रोनॉन देशपांडे. एका अवयवाचे नाव लांब आडनावापुढे आखडते, आणि जोशी-लेलेंपुढे चांगले लागते. वडिलांचे नाव मधले म्हणून घालायचे असेल तर आयर्लंडच्या जन्मनोंदणीत वडिलांच्या नावाचा असा वेगळा रकाना मुलाच्या नावात नसतो. ते दुसरे नाव म्हणून पहिल्या नावाच्या रकान्यातच लिहावे लागते. आयरिश घरांतही थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव द्यायची जुनी रीत आहे, त्यामुळे दुसरे नाव आजोबांचे ठेवले तर शेजाऱ्यांना ते सांगावेही लागत नाही.

कागदपत्रांचे आता. आयर्लंडमध्ये नावांची मंजूर यादी नाही. सांगाल ते नाव नोंदले जाते, म्हणून चूकही तशीच नोंदली जाते. जन्माची नोंद ३ महिन्यांच्या आत करायची असते. उत्तर आयर्लंडमध्ये ४२ दिवसांत. नोंदणी अधिकारी मजकूर वाचून दाखवतो आणि सही घेतो. ती सही करण्याआधी नाव अक्षर-अक्षर आणि फादा-फादा पाहा, कारण नंतरची दुरुस्ती म्हणजे अर्ज, पुरावे आणि वेळ.

मूल आयर्लंडमध्ये जन्मले म्हणून आपोआप आयरिश नागरिक होत नाही. १ जानेवारी २००५ पासूनचा नियम असा की आई-वडिलांपैकी कोणीच आयरिश, ब्रिटिश किंवा कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेले नसेल, तर जन्माआधीच्या ४ वर्षांत किमान ३ वर्षे त्यांच्यापैकी एकाचे मोजता येण्याजोगे वास्तव्य हवे. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे त्यात धरत नाहीत. हे बसत असेल तर आयरिश पासपोर्ट आणि पुढे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड). बसत नसेल तर डब्लिनच्या भारतीय दूतावासात जन्मापासून १ वर्षाच्या आत नोंदणी आणि भारतीय पासपोर्ट.

नावावर याचा परिणाम होतो. आयरिश पासपोर्टच्या छापील ओळीत फादा येतो, पण खालच्या यंत्राने वाचायच्या दोन ओळींत जगातल्या कुठल्याही पासपोर्टवर ए ते झेड एवढीच साधी अक्षरे असतात, तिथे फादा गळतो. भारतीय पासपोर्टवर तर तो धरूच नका. त्यामुळे जन्मदाखल्यावर फाद्यासह आणि पासपोर्टवर बिनफाद्याचे अशी दोन रूपे होतील. त्याने अडत नाही, अक्षरे तीच असली म्हणजे झाले. अडते ते दाखल्यावर मूळ आयरिश रूप आणि पासपोर्टच्या अर्जात इंग्रजी रूप लिहिले की. तेव्हा कार्यालयाच्या लेखी ते दोन वेगळे मुलगे होतात. विमानाचे तिकीट यंत्राच्या ओळीप्रमाणे, म्हणजे बिनफाद्याचे काढा. देवनागरीत नाव कसे लिहायचे तेही एकदाच ठरवा आणि बारशाच्या पत्रिकेपासून ते तसेच लिहा: रीअन, रियान, रिआन यांपैकी एक.